मांजर आणि उघडें दार

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींना हंसूं आलें असेल. ज्यानें पस्तीस वर्षें मुलांना अंकगणित आणि व्याकरण शिकविलें, त्यानें निवृत्तीनंतर मांजरावर बोलावें, हें कित्येकांना मास्तराच्या उतारवयाचें लक्षण वाटेल. परंतु ज्यांच्या घरीं मांजर आहे आणि ज्यांचें घर म्हणजे उंच इमारतींतील एक फ्लॅट आहे, ते मात्र हंसणार नाहींत. कडी काढतांना पायांशीं मांजर तर नाहीं ना, म्हणून खालीं पाहण्याची संवय त्यांना लागलेली असते. आणि एखादे दिवशीं तें पाहावयाचें राहून गेलें म्हणजे काय होतें, हेंही त्यांतील पुष्कळांस ठाऊक असतें.

माझें बालपण वाईस एका वाड्यांत गेलें. त्या वाड्यांत मांजरें होतीं. पण तीं आम्हीं पाळलेलीं होतीं असें म्हणणें धाडसाचें होईल. तीं ओसरीवर येत, चुलीच्या उबेला निजत, माळ्यावर उंदरांचा समाचार घेत आणि मनास येईल तेव्हां कौलांवरून शेजारच्या वाड्यांत जात. दिंडीदरवाजा दिवसभर उघडा असे. 'मांजर दारांतून पळालें' हें वाक्य लहानपणीं मीं कधीं ऐकलें नाहीं. दार होतें तें माणसांकरितां. मांजराला परसू, भिंत, कौलें, झाड, हीं सर्व दारेंच होतीं. आज आम्ही पुण्यास एका इमारतीच्या चवथ्या मजल्यावर राहतों. घराला दार एकच. त्याच्या पलीकडे जिना, लिफ्ट, खालीं मोटारींची रांग, आणि फाटकाबाहेर रात्रीं अकरापर्यंत न थांबणारा रस्ता. तीच मांजराची जात. परंतु घर बदललें, आणि त्याबरोबर एक नवीन काळजी आपल्या पदरीं आली.

आमच्या मांजरीचें नांव मनी. रंग करडा, त्यावर काळे पट्टे. २०२२ सालच्या श्रावणांतील एक संध्याकाळ. दाराची घंटा वाजली. गॅसचें सिलिंडर घेऊन माणूस आला होता. माझ्या नातीनें दार उघडलें. ती त्या वेळीं नऊ वर्षांची होती. सिलिंडर उंबऱ्यावरून आंत येत असतांनाच त्या माणसाच्या पायांमधून कांहींतरी करडें सळ्‌कन्‌ बाहेर गेलें. "आजोबा, मनी!" एवढेंच ती ओरडली. मी चष्मा शोधून दाराशीं पोहोंचलों तेव्हां जिन्यावर कोणी नव्हतें.

त्या रात्रीं मी नातीला फार बोललों. "दार उघडण्यापूर्वीं खालीं पाहतां येत नाहीं? शंभरदां सांगितलें होतें!" ती रडली नाहीं, उलटही बोलली नाहीं, ताटावरून अर्धवट जेवून उठली. सूनबाईंनीं माझ्याकडे एकदां पाहिलें आणि वाढावयाचें काम पुढें चालू ठेवलें. शाळेंत मीं अनेक मुलांना रागें भरलों आहें. त्यांतील किती प्रसंगीं माझें बरोबर होतें, हें मी आज छातीवर हात ठेवून सांगूं शकणार नाहीं. या प्रसंगीं तें बरोबर नव्हतें, हें मात्र पुढें मला नीट समजलें.

चार दिवस मनी मिळाली नाहीं. मी बशींत दूध घेऊन पार्किंगमध्यें हिंडलों, मोटारींखालीं वांकून पाहिलें, मोठ्यानें हांका मारल्या. चिरंजीवांनीं फाटकावर तिचें छायाचित्र लावलें. नात मात्र रोज रात्रीं जेवणानंतर मनीची चादर मांडीवर घेऊन जिन्यांत बसे. हांक मारीत नसे. चवथ्या रात्रीं ती खालीं येऊन मला म्हणाली, "आजोबा, वर चला. पण तुम्ही बोलूं नका." आम्ही गच्चीच्या दारापर्यंत गेलों. तेथें कोणीतरी टाकून दिलेल्या जुन्या सोफ्यामागें दोन डोळे चमकले. आमच्या दारापासून मनी केवळ तीन मजले वर होती; आणि मी चार दिवस तिला खालीं शोधीत होतों!

मनी परत आली, आणि दुसऱ्याच संध्याकाळीं मी फिरून आलों तेव्हां उंबऱ्याशीं बसलेली दिसली. मी नेहमींप्रमाणें तेथेंच वांकलों, तिच्या मानेवरून हात फिरविला, चार गोड शब्द बोललों. नात आंतून पाहत होती. ती म्हणाली, "आजोबा, मनी दाराशीं तुमच्यासाठींच बसते. तुम्ही रोज तिथेंच तिला घेतां."

श्रोतेहो, मी उभा होतों तसाच राहिलों. दाराशीं बसावयास मनीला शिकविलें होतें कोणीं? सिलिंडरवाल्यानें नव्हे, नातीनेंही नव्हे. रोज संध्याकाळीं न चुकतां तो धडा मींच दिला होता.

ही गोष्ट नीट समजावी म्हणून थोडें मागें जातों. १८९८ सालीं अमेरिकेंत एडवर्ड थॉर्नडाइक नांवाच्या एका तरुण विद्यार्थ्यानें आपल्या प्रबंधासाठीं मांजरांवर प्रयोग केले. भुकेलें मांजर तो लांकडी पट्ट्यांच्या पेटींत कोंडी आणि बाहेर खाणें ठेवी. पेटींतील दोरी ओढली किंवा खटका दाबला कीं दार उघडे. प्रथम मांजर ओरबाडी, चावे, धडपडे, आणि केव्हां तरी चुकून खटका दाबला जाई. दुसऱ्या वेळीं त्याला थोडा कमी वेळ लागे, पुढें आणखी कमी. शेवटीं आंत ठेवतांच तें सरळ खटका दाबून बाहेर पडे. यावरून थॉर्नडाइकनें सिद्धान्त मांडला कीं, ज्या कृतीचें फळ समाधानकारक, ती कृति पुन्हां घडते. ज्या कृतीचें फळ तसें नाहीं, ती हळूहळू गळून पडते. हेच गृहस्थ पुढें शिक्षकांच्या महाविद्यालयांत प्राध्यापक झाले, हें आम्हां मास्तरलोकांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. मांजर दारांतून निसटण्यास कसें शिकतें, हें त्यांनीं सव्वाशें वर्षांपूर्वीं सांगून ठेवलेलें आहे. दाराशीं गेलें कीं लाड होतात. दारांतून सुटलें कीं नवे वास, नवी जागा आणि मागून धांवणारीं माणसें, म्हणजे एक खेळच! मग त्यानें तें पुन्हां कां करूं नये?

याखेरीज मांजराच्या स्वभावांतही कांहीं कारणें आहेत. मांजर हा हद्द राखणारा प्राणी. आपल्या हद्दीची रोज पाहणी करावी, कोण येऊन गेलें तें वासावरून ओळखावें, हा त्याचा नित्यक्रम. दाराच्या फटींतून जिन्यावरचे वास आंत येत असतात, आणि पाहावयाची राहिलेली तेवढीच एक जागा असते. दुसरें असें कीं, मांजराच्या अंगांत उत्साह येतो तो विशेषतः पहांटे व संध्याकाळीं; आपलें दारही नेमकें त्याच वेळीं अधिक उघडतें. पहांटे दूधवाला, वर्तमानपत्रवाला. संध्याकाळीं कचेरींतून परतणारीं माणसें. तिसरें कारण, नसबंदी न झालेलें जनावर. बोका असो वा मांजरी, वयांत आल्यावर जोडीदाराच्या ओढीनें तें बाहेर धांवणारच. तेथें शिकवण चालत नाहीं. मांजरी चार-पांच महिन्यांची असतांनाही माजावर येऊं शकते आणि नऊ आठवड्यांत पिलें होतात. म्हणून पशुवैद्याच्या सल्ल्यानें योग्य वयांत नसबंदी करून घेणें, ही पहिली पायरी. चवथें कारण कंटाळा. त्याविषयीं पुढें बोलतों.

आतां उपाय सांगतों. आम्हीं जे केले तेच.

पहिला नियम मीं स्वतःला घातला. दाराशीं मांजराचें स्वागत करावयाचें नाहीं. आंत यावें, दार लावावें, चपला काढाव्या, आणि खिडकीजवळच्या स्टुलापर्यंत जावें, लाड तेथें. पहिले आठ दिवस मनी उंबऱ्याशीं बसून माझ्याकडे अशा दृष्टीनें पाही कीं, मला अपराध्यासारखें होई. नंतर ती स्टुलावर जाऊन माझी वाट पाहूं लागली. भेट तीच राहिली. भेटीची जागा बदलली.

दुसरा उपाय म्हणजे त्या स्टुलाचा रीतसर अभ्यास. स्टूल दारापासून आठ-दहा फुटांवर ठेवलें. मनी त्यावर चढली कीं "जागेवर!" असें म्हणावयाचें आणि लगेच उकडलेल्या, बिनमिठाच्या कोंबडीचा नखाएवढा तुकडा द्यावयाचा. वर्गांत हा शब्द मीं आयुष्यभर वापरला. इतक्या तत्परतेनें तो कोणीं पाळल्याचें मला आठवत नाहीं. शब्द ओळखीचा झाल्यावर पुढची पायरी: ती स्टुलावर असतांना मीं फक्त कडीला हात लावावयाचा, आणि ती बसून राहिली तर तुकडा. मग कडीचा आवाज. मग दार बोटभर उघडणें, मग हातभर. मग मीं बाहेर जाऊन लगेच परत येणें. सर्वांत शेवटीं दाराची घंटा. दहांपैकीं आठ-नऊ वेळां साधलें म्हणजे पुढें जावयाचें. चुकलें तर न रागावतां एक पायरी मागें. दिवसांतून दोन वेळां, जेवणापूर्वीं, चार-पांच मिनिटें पुरे. भरल्या पोटीं विद्यार्थी शिकत नाहीं आणि दमलेलाही शिकत नाहीं. या सर्व काळांत बाहेरचें सेफ्टी डोअर बंद ठेवावयास विसरूं नये. परीक्षा एकदां नापास होऊन चालेल, दारांतून निसटून चालणार नाहीं. आम्हांला तीन आठवडे लागले. मांजराच्या वयाप्रमाणें व स्वभावाप्रमाणें कमीअधिक लागतील.

बाहेर जातांनाची रीत वेगळी. घरांतून निघण्यापूर्वीं दहा मिनिटें दोरीला पीस बांधून मांजराला खेळवावें, आणि निघतांना दारापासून दूरच्या खोलींत त्याचें खाणें ठेवावें. किल्ल्यांचा आवाज ऐकतांच मनी दाराकडे धांवे. म्हणून मी अधूनमधून किल्ल्या वाजवूं लागलों आणि कोठेंच न जातां खुर्चींत बसून वर्तमानपत्र वाचूं लागलों. कांहीं दिवसांनीं त्या आवाजाचें महत्त्व तिच्या लेखीं उरलें नाहीं. येतांना दार आधीं बोटभर उघडून खालीं पाहावें, आणि पिशवी किंवा पाऊल पुढें धरून आंत शिरावें.

तिसरा उपाय सुताराकडचा. आपल्या फ्लॅटांना बहुधा दोन दारें असतात, आंतलें लांकडी आणि बाहेरचें जाळीचें. एक लागल्याशिवाय दुसरें उघडावयाचें नाहीं, एवढा नियम घरांतील सर्वांनीं पाळला तर मधली वीतभर जागाही मोठें काम देते. मात्र जाळीच्या गजांतील अंतर पाहावें. मांजराच्या गळ्याचें हाड लहान असून खांद्याला पक्कें जोडलेलें नसतें. म्हणून जेथून त्याचें डोकें जातें तेथून बहुधा सर्व अंगही जातें. आम्हीं खालच्या तीन फुटांना बारीक जाळी बसवून घेतली. पण उडी मारणाऱ्या जनावराला तीन फूट म्हणजे कांहींच नव्हे, असें सुतारानेंच दाखवून दिलें, तेव्हां ती वरपर्यंत नेली.

सणावारांची गोष्ट निराळी. गणपतींत आरतीला माणसें येतात, दिवाळींत फराळाचीं ताटें जातात-येतात, रंगाऱ्याचें काम निघतें. दार मिटतच नाहीं. अशा वेळीं अभ्यासाची परीक्षा पाहूं नये. पाणी, अंथरूण आणि विधीसाठीं वाळूची पेटी ठेवून मांजराला आंतल्या खोलींत बंद करावें, आणि त्या खोलीवर ठळक अक्षरांत चिठ्ठी लावावी. फटाक्यांच्या आवाजानें घाबरलेलें मांजर शिकविलेलें सर्व विसरतें, माणूसही विसरतो.

काय करूं नये, हेंही सांगितलें पाहिजे. दाराशीं आलेल्या मांजराला मारूं नये. अंगावर पाणी उडवूं नये. त्यानें तें दाराला भीत नाहीं, आपल्याला भितें. आणि भ्यालेलें मांजर संधि मिळतांच अधिक वेगानें पळतें. उंबऱ्यावर फिनेल शिंपडावें, असा सल्ला मला एका स्नेह्यानें दिला होता. तो कृपा करून कोणीं मानूं नये. फिनेलमधील द्रव्यें मांजराचें यकृत आपल्याप्रमाणें निकामी करूं शकत नाहीं. पंजाला लागलेलें तें चाटून पोटांत नेतें आणि विषबाधा होते. सुवासिक तेलांचे अर्क आणि डांबराच्या गोळ्या यांचीही तीच गोष्ट.

यावर आमच्या शेजाऱ्यांनीं मला एक प्रश्न केला होता. ते म्हणाले, "गुरुजी, हें सगळें ठीक, पण मोकळ्या जनावराला जन्मभर कोंडून ठेवावयाचें, हें तुम्हांला रुचतें?" प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं, वाईचीं कौलांवरचीं मांजरें मला अजून आठवतात. पण त्यांतील म्हातारीं झालेलीं फारशीं आठवत नाहींत, हेंही खरें. आमच्या रस्त्यावर मोटारी आहेत, कुत्रीं आहेत, रोग आहेत. मीं त्यांना उत्तर दिलें, "रुचत नाहीं, म्हणूनच घर तिच्यासाठीं मोठें केलें पाहिजे."

घर मोठें करावयाचें म्हणजे उंचीनें. मांजराला जमिनीपेक्षां उंचावरची जागा अधिक प्रिय. कपाटाच्या माथ्यावर चादर, भिंतीला दोन फळ्या, आणि सकाळचें ऊन येईल अशी एक खिडकी, एवढ्यावर मनीचा दिवस सुखानें जातो. खाणें सर्व एकाच ताटलींत न देतां थोडें पुठ्ठ्याच्या खोक्यांत लपवून ठेवावें. शिकारीची हौस त्यांत भागते. खिडकीला मात्र धातूची घट्ट जाळी हवी. डांसांसाठींची जाळी नखानें फाटते; पारव्यांसाठीं लावतात ती नायलॉनची जाळी दांतानें तुटते, म्हणून ती वरचेवर तपासावी. मांजर उंचावरून पडलें तरी चार पायांवर येतें, ही समजूत अर्धीच खरी. १९८७ सालीं न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनीं इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची हकीकत प्रसिद्ध केली. उपचार झालेल्यांपैकीं शेंकडा ९० वांचलीं; परंतु छातीला व जबड्याला इजा झालेलीं पुष्कळ होतीं, आणि जीं दवाखान्यापर्यंत पोहोंचलींच नाहींत त्यांची गणती त्यांत नाहीं.

इतकें करूनही एखादे दिवशीं मांजर निसटेल, असें धरून चालावें. गळ्यांत, झटका बसतांच सुटेल असा पट्टा आणि त्यावर आपला दूरध्वनि-क्रमांक असावा. पट्ट्याला लहानसें घुंगरूं बांधावें. मांजराच्या गळ्यांत घंटा कोणीं बांधावी, हा उंदरांना न सुटलेला प्रश्न फ्लॅटमध्यें आपण सोडवूं शकतों, आणि तें दाराशीं आल्याचें आपल्याला कळतें. पशुवैद्य कातडीखालीं तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवितात. तिच्यावरून मांजर कोठें आहे तें समजत नाहीं, परंतु तें सांपडल्यावर कोणाचें आहे तें यंत्रानें वाचतां येतें. लसी वेळेवर टोंचलेल्या असाव्यात.

आणि निसटलेंच, तर मीं केलें तसें करूं नये. मागें धांवूं नये, ओरडूं नये. घरांत वाढलेलें मांजर बाहेर पडतांच बावरतें आणि जवळांत जवळ जी आडोशाची जागा मिळेल तींत गप्प बसतें. ओळखीच्या हांकेलाही ओ देत नाहीं. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, हरवून सांपडलेल्या मांजरांपैकीं शेंकडा ७५ घरापासून ५०० मीटरांच्या आंतच मिळालीं, आणि शोधणाऱ्यांनीं स्वतः जागोजाग पाहिल्याचा उपयोग झाला, असें दिसून आलें. म्हणून प्रथम आपलीच इमारत पाहावी: वरचे मजले, गच्चीचें दार, चपलांचीं कपाटें, मीटरची खोली, पंपाची खोली, नंतर मोटारींखालीं. रात्रीं सामसूम झाल्यावर विजेरी घेऊन जावें. मांजराच्या डोळ्यांत मागच्या बाजूस प्रकाश परतविणारा पडदा असतो, त्यामुळें ते अंधारांत लगेच चमकतात. ओळखीचें खाणें आणि त्याचें नेहमींचें अंथरूण जवळ ठेवावें, आणि खालीं बसून वाट पाहावी. हें सर्व मीं पुस्तकांत वाचलें तें नंतर. माझ्या नातीनें तें न वाचतांच केलें होतें.

तीन आठवड्यांचा अभ्यास संपला त्यानंतर कांहीं दिवसांनीं घंटा वाजली. पुन्हां सिलिंडर! नात दाराकडे निघाली आणि थबकली. तिनें माझ्याकडे पाहिलें. मीं म्हटलें, "उघड." तिनें आधीं मागें वळून "जागेवर!" म्हटलें. मनी स्टुलावर चढली, शेपूट पायांभोवतीं गुंडाळून बसली, आणि सिलिंडर आंत येऊन जुनें बाहेर जाईपर्यंत बसून राहिली. सिलिंडरवाला उंबऱ्याबाहेर पडला, तेव्हां त्याच्यादेखत मी नातीला म्हणालों, "त्या दिवशीं चूक तुझी नव्हती. माझी होती. मीं तुला उगीच बोललों."

तिनें मनीला तिचा तुकडा दिला आणि म्हणाली, "असूं दे, आजोबा. आधीं दार लावा."

श्रोतेहो, मीं दार लावलें. आपणही लावीत जा. आणि कधीं तें उघडें राहिलें, तर घरांतील लहानांना बोलण्यापूर्वीं, मांजराला तेथें बसावयास कोणीं शिकविलें, एवढें मात्र विचारून पाहा.